पाळण्यातले पाय मैदानात केव्हा?

क्रिकेटच्या राष्ट्रीय संघाची निवड जाहीर झाली की त्या रात्री जेवणाच्या पानावर चर्चेला जे तिखट चढते ते आमटीतही नसते, हा अनुभव इंदूरच्या रामबागेत काय, ग्वाल्हेरच्या लष्करात काय किंवा बडोद्याच्या दांडिया बाजारात काय, सारखाच आहे. तिशीकडे झुकलेल्या खेळाडूला घेतले, तर घरातील तरुण मंडळी ‘म्हाताऱ्यांची भरती’ म्हणून नाक मुरडतात. सतरा वर्षांच्या मुलाला घेतले, तर आजोबा चष्मा पुसत पुसत ‘पोराला वाघाच्या तोंडी दिले’ असा निर्वाळा देतात. दोन्ही पक्षांपाशी दाखले पुष्कळ आहेत आणि ते बहुधा खरेही असतात. म्हणूनच हा वाद मिटत नाही.

या जुन्या वादाला २०२५ साली नवी धार आली. बिहारच्या वैभव सूर्यवंशी या मुलाने २८ एप्रिल रोजी जयपूर येथे आयपीएलच्या सामन्यात अवघ्या ३५ चेंडूंत शतक ठोकले. तेव्हा त्याचे वय चौदा वर्षे आणि काही दिवस इतकेच होते. त्यापूर्वी २०२४ च्या जानेवारीत, वयाच्या बाराव्या वर्षी, तो रणजी करंडकाचा सामना खेळून चुकला होता आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लिलावात त्याच्यावर एक कोटी दहा लाखांची बोली लागली होती. त्या शतकानंतर ‘याला भारतीय संघात केव्हा घेणार?’ हा प्रश्न पानाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत सर्वत्र विचारला जाऊ लागला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०२० च्या नोव्हेंबरातच नियम केला आहे, की पंधरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कोणासही आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरविता येणार नाही. अपवाद हवा असल्यास त्या देशाच्या मंडळाने मुलाचा खेळण्याचा अनुभव, त्याची मानसिक वाढ आणि त्याचे क्षेम यांविषयी परिषदेची खात्री पटवून परवानगी मिळवावी. सूर्यवंशीच्या वयाची पंधरा वर्षे पूर्ण होण्याचा दिवस २७ मार्च २०२६ हा. म्हणजे कायद्याचा प्रश्न एका तारखेपुरता. निवड करणाऱ्याचा प्रश्न मात्र त्या तारखेनंतर सुरू होतो.

आपल्या इंदूरचाच विचार केला तर या बाबतीत किती टोकाची उदाहरणे एका गावात नांदली आहेत, याचे नवल वाटते. कर्नल सी. के. नायडू १९१६ पासून प्रथम दर्जाचे सामने खेळत होते. परंतु भारताला पहिली कसोटीच मुळी १९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर मिळाली आणि तीत कर्णधार म्हणून उतरले तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते. ज्यांना त्यांनीच हाताशी धरून पुढे आणले ते मुश्ताक अली १९३४ च्या जानेवारीत कलकत्त्याला कसोटीत उतरले ते एकोणिसाव्या वर्षी, आणि तेही मुख्यतः डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून! अडीच वर्षांनी मँचेस्टरला सलामीला येऊन ११२ धावा काढणारे, परदेशात कसोटी शतक झळकावणारे पहिले भारतीय ठरलेले मुश्ताक अली त्या कोवळ्या गोलंदाजात कोणाला दिसले असतील? आणि बडोद्याच्या वाचकांना सांगावयास नकोच, की विजय हजारे यांना पहिली कसोटी १९४६ साली एकतिसाव्या वर्षी लाभली. मधली वर्षे महायुद्धाने गिळली. (याच हजाऱ्यांनी पुढच्याच वर्षी गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागीदारी करून आमच्या होळकर संघाची जी गत केली ती इंदूरकर अजून विसरलेले नाहीत, पण तो विषय वेगळा.) त्या पिढीला ‘केव्हा’ हा प्रश्न विचारण्याची चैनच नव्हती. संधी दुर्मिळ होती. ती आली तेव्हा घेतली.

आज संधी मुबलक आहेत आणि त्यामुळे घाईही मुबलक आहे. या घाईचे समर्थन करताना जो तो एकच नाव पुढे करतो, ते म्हणजे सचिन तेंडुलकर. सोळा वर्षे २०५ दिवस वयाचा मुलगा १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत इम्रान, वसीम आणि वकार यांच्यापुढे उभा राहिला. मग आमच्या बंड्याने का उभे राहू नये? पण सचिनचे उदाहरण नीट तपासून पाहिले तर ते घाईच्या बाजूने साक्ष देत नाही.

१९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमाच्या सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली, तेव्हाच दोघांची नावे सर्वांच्या तोंडी झाली होती. तरीही मुंबईने सचिनला रणजी सामन्यात उतरविले ते डिसेंबरात, गुजरातविरुद्ध. आणि तेथे त्याने नाबाद शतक केले. पुढल्याच वसंतात भारतीय संघ वेस्ट इंडीजला निघाला होता. सचिनचे नाव चर्चेत आले आणि बाजूला ठेवले गेले. त्या काळच्या कॅरिबियन खेळपट्ट्यांवर मार्शल, अँब्रोज, वॉल्श यांच्यासमोर पंधरा वर्षांच्या मुलाला आत्ताच नको, असा विचार निवडकर्त्यांनी केला. तो मुलगा मागे राहिला, तो हंगाम संपला तेव्हा मुंबईतर्फे सर्वाधिक धावा त्याच्याच नावावर होत्या. पाकिस्तानला निघण्यापूर्वी इराणी करंडकाच्या सामन्यात त्याने आणखी एक नाबाद शतक केले. मग राजसिंग डुंगरपूर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याला निवडले. हे डुंगरपूरही एके काळी इंदूरच्या डेली कॉलेजात शिकलेले. नऊ-दहा महिन्यांपूर्वी ‘नको’ आणि आता ‘होय’ म्हणण्यात विसंगती नाही. मधल्या काळात मुलाने मोठ्या माणसांविरुद्ध काय केले, ते समितीने पाहिले होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट निवडीनंतरची आहे, आणि तिची आठवण कोणी काढत नाही. पाकिस्तानच्या त्या दौऱ्यात सचिनच्या धावा अशा होत्या : १५, ५९, ८, ४१, ३५ आणि ५७. चार कसोटींत २१५. शतक एकही नाही, नाक मात्र सियालकोटला फुटले. या आकड्यांवर एखाद्या अधीर समितीने मुलाला घरी धाडले असते. तसे झाले नाही. त्याला चारही कसोट्यांत खेळविले, न्यूझीलंडला नेले, इंग्लंडला नेले आणि १४ ऑगस्ट १९९० रोजी मँचेस्टरला त्याने पहिले कसोटी शतक पूर्ण केले, ते नवव्या कसोटीत. कोवळ्या मुलाला घेणे हा एका बैठकीचा निर्णय असतो. त्याला नऊ कसोट्या सांभाळणे हे धोरण असते. शिवाय त्याच्या मागे घर कसे होते हेही विसरू नये. वडील प्रा. रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी (आम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांना याचा उगाचच अभिमान वाटतो), वडील भाऊ अजित खेळाची जाण असलेला, आचरेकर सरांसारखा गुरू, आणि मैदान जवळ पडावे म्हणून दादरला काका-काकूंकडे केलेली राहण्याची सोय. एवढे सगळे ज्या मुलाच्या मागे उभे आहे, त्याचे वय सोळा धरावे की कसे, हाही एक प्रश्नच आहे.

शाळा चालविणाऱ्या माणसाला हा विषय अपरिचित नाही. पूर्वी हुशार मुलाला ‘डबल प्रमोशन’ देण्याची चाल होती. पाचवीतला मुलगा एकदम सातवीत बसविला जाई. असे मुलगे मी पाहिले आहेत, त्यांना शिकविलेही आहे. गणितात ते क्वचितच अडखळत. अडत ते मधल्या सुटीत. वर्गातील मुले त्यांच्याहून हातभर उंच, त्यांचे बोलणे वेगळे, थट्टा वेगळी. आणि जुन्या वर्गातले सोबती तर आता ‘हा वरच्या वर्गातला’ म्हणून दूर झालेले. जो मुलगा सहामाहीत पहिल्यांदाच नापास होई, त्याला तर नापास होण्याची सवयच नसे. बरोबरीच्या इतर मुलांनी तो धक्का तिसरीत, चौथीत पचविलेला असे. याला तो पहिल्यांदा बसे आणि तोही अनोळखी वर्गात. म्हणून वरच्या वर्गात घालण्याची शिफारस घेऊन कोणी आले, की आमचे जुने हेडमास्तर एकच विचारीत : “हा नापास झाला, तर याला परत खालच्या वर्गात सन्मानाने बसता येईल काय?”

क्रिकेटच्या निवडकर्त्यांनाही हाच प्रश्न विचारावा असे मला वाटते. मुलगा किती वर्षांचा आहे, हे मी त्यानंतर विचारीन.

याची सर्वांत बोलकी उदाहरणे लेगस्पिनरांची आहेत. लक्ष्मण शिवरामकृष्णन याने रणजीतील पहिल्याच सामन्यात दिल्लीचे सात गडी २८ धावांत बाद केले, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. १९८३ च्या एप्रिलमध्ये, सतराव्या वर्षी, त्याला अँटिग्वाच्या कसोटीत उतरविले. एकही बळी मिळाला नाही. पुढच्या वर्षी मुंबईत इंग्लंडविरुद्ध बारा बळी! १९८५ च्या आरंभी ऑस्ट्रेलियातील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तर भल्याभल्या फलंदाजांना त्याने नाचविले. आणि १९८६ च्या जानेवारीत सिडनीला त्याची शेवटची कसोटी झाली. वय वीस वर्षे आणि थोडे दिवस. नऊ कसोट्या, २६ बळी. ज्या वयात मनगटी फिरकीची विद्या खऱ्या अर्थाने हाताला लागू लागते, त्या वयात त्याचे कसोटी जीवन संपलेही होते.

आमच्या नरेंद्र हिरवानींची कथा इंदूरकरांना पाठ आहे, तरी सांगण्याचा मोह आवरत नाही. गोरखपूरहून हा मुलगा क्रिकेट शिकण्यासाठी इंदूरला आला आणि संजय जगदाळे यांच्या हाती पडला. जगदाळ्यांचे घराणेच क्रिकेटचे. वडील होळकर संघातले. १९८८ च्या जानेवारीत मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध हिरवानींनी पहिल्या डावात ६१ धावांत आठ आणि दुसऱ्यात ७५ धावांत आठ असे सोळा बळी घेतले. वय एकोणीस. पदार्पणाच्या कसोटीत असा पराक्रम कोणी भारतीयाने त्यापूर्वी केला नव्हता. खेळपट्टी फिरकीला धार्जिणी होती हे खरे, आणि यष्टीमागे बडोद्याचे किरण मोरे होते हेही खरे. त्यांनी त्या एका कसोटीत सहा फलंदाजांना यष्टिचीत केले. त्याच वर्षी न्यूझीलंडविरुद्ध तीन कसोटींत हिरवानींना वीस बळी मिळाले. चार कसोट्यांत छत्तीस! पुढे परदेशच्या खेळपट्ट्या आल्या, बळी महागले आणि सतरा कसोटींत ६६ बळींवर हिशेब थांबला.

याला कोणी ‘अकाली निवड’ म्हणतात. मी म्हणत नाही. एकोणिसाव्या वर्षी हिरवानींना घेणे चूक असते तर ते सोळा बळी कोठून आले असते? निवड योग्य वेळी झाली. सोडून देणे मात्र लवकर झाले. लेगस्पिनरला तिशीपर्यंत वाट पाहावी लागते, हे शेन वॉर्न आणि अनिल कुंबळे यांच्या दीर्घ कारकिर्दींनी नंतर सर्वांना शिकविले. हिरवानींनी मात्र हात आखडता घेतला नाही. मध्य प्रदेशासाठी ते वर्षानुवर्षे गोलंदाजी करीत राहिले, प्रथम दर्जाच्या सामन्यांत सातशेहून अधिक बळी मिळविले आणि पुढे राष्ट्रीय निवड समितीवरही बसले. त्यांना परतायला घर होते, गुरू होता, संघ होता. खालच्या वर्गात सन्मानाने बसणे म्हणतात ते हेच. उलट दिशेचे उदाहरण हवे असेल तर दिलीप दोशी यांचे घ्यावे. १९७९ साली वयाच्या एकतिसाव्या वर्षी पहिली कसोटी, आणि तरीही ३३ कसोटींत ११४ बळी. फिरकी गोलंदाज हा लोणच्यासारखा असतो. मुरल्यावर बिघडत नाही.

वेगवान गोलंदाजांचे शास्त्र निराळे आहे आणि येथे मताला फारसा वाव नाही, कारण प्रश्न हाडांचा आहे. चेंडू टाकताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावरून कमरेत जातो आणि त्याच क्षणी धड वाकलेले व पिळलेले असते. कमरेच्या खालच्या मणक्यांची हाडे विशी ओलांडल्यावरही काही वर्षे पक्की होत असतात. अशा हाडांवर रोजच्या रोज हा ताण पडला की बारीक तडा जातो. तो बरा व्हायला महिनेच्या महिने लागतात आणि पुन्हा जाण्याचा धोका राहतो. ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स अठराव्या वर्षी, २०११ च्या नोव्हेंबरात, जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला. सात बळी घेतले, विजयी धावाही काढल्या, सामनावीर ठरला. त्यानंतरची त्याची कसोटी आपल्या रांचीला, २०१७ च्या मार्चमध्ये झाली! मधली पाच वर्षे पाठीच्या आणि इतर दुखण्यांनी खाल्ली. त्याच्या मंडळाने धीर धरला, उपचार केले, म्हणून पुढे ऑस्ट्रेलियाला विश्वविजेता कर्णधार लाभला. आपल्या जसप्रीत बुमराहला पहिली कसोटी चोविसाव्या वर्षी मिळाली, तोवर त्याने गुजरातकडून चार-पाच हंगाम काढले होते. तरी पाठीने त्यालाही सोडले नाही. कपिल देव एकोणिसाव्या वर्षी आले आणि १३१ कसोट्या खेळले, दुखापतीमुळे एकही चुकविली नाही, हे खरे. पण एका कपिलच्या पाठीकडे पाहून शंभर मुलांच्या पाठी पणाला लावू नयेत.

यष्टिरक्षकाविषयी एकच हकीकत सांगतो, कारण तिचा शेवट आमच्याच गावी झाला. अहमदाबादचा पार्थिव पटेल २००२ साली नॉटिंगहॅमला कसोटी खेळला तेव्हा त्याचे वय सतरा वर्षे १५३ दिवस होते आणि गुजरातकडून रणजीचा एकही सामना तो खेळला नव्हता. म्हणजे मॅट्रिकच्या आधी पदवी. २००४ मध्ये जागा गेली, २००८ मध्ये एक कसोटी मिळाली आणि त्यानंतर आठ वर्षे काही नाही. या मधल्या काळात त्याने तो राहून गेलेला खालचा वर्ग पूर्ण केला. गुजरातचा कर्णधार झाला, लहानांना घडविले, २०१६ मध्ये पुन्हा भारतीय संघात आला. आणि २०१७ च्या जानेवारीत इंदूरच्या होळकर स्टेडियमवर रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध ९० आणि १४३ धावा करून गुजरातला पहिलावहिला करंडक मिळवून दिला. त्या दिवशी गुजरातच्या विजयाला टाळ्या वाजविणाऱ्यांत मराठी माणसेही कमी नव्हती.

त्याच सामन्यात मुंबईकडून सतरा वर्षांचा पृथ्वी शॉ खेळत होता. शाळेत असताना ५४६ धावांची खेळी करून नाव झालेला हा मुलगा २०१८ साली एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघाचा कर्णधार झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राजकोटला पदार्पणाच्या कसोटीत त्याने १३४ धावा केल्या. अठराव्या वर्षी इतके देखणे फलंदाजी करणारे मूल मी तरी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. त्याची पाचवी कसोटी २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला झाली आणि त्यानंतर तो कसोटीत दिसला नाही. २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातूनही जागा गेली; पुढच्या वर्षी तो महाराष्ट्राकडे आला. याचा दोष कोणाकडे किती, याचा निवाडा दूर बसून करणे मला प्रशस्त वाटत नाही. विनोद कांबळीच्या बाबतीतही असेच म्हणावे लागते. एकविसाव्या वर्षी पदार्पण, लागोपाठ दोन द्विशतके, सतरा कसोटींत ५४ च्या सरासरीने १०८४ धावा आणि तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी. हे वय काही कोवळे म्हणता येणार नाही. तेव्हा वयाचा हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही.

आणि उशीर झाला म्हणजे काय होते, तेही पाहू. त्या ६६४ धावांच्या भागीदारीच्या वेळी पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला मुलगा अमोल मुजुमदार. १९९४ साली फरिदाबादला त्याने रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या. प्रथम दर्जाच्या पदार्पणातील तो उच्चांक पुढे चोवीस वर्षे अबाधित राहिला. तो मोडला गेलाही २०१८ च्या डिसेंबरात आमच्या इंदूरलाच, मध्य प्रदेशच्या अजय रोहेराच्या नाबाद २६७ धावांनी. अकरा हजारांहून अधिक धावा करूनही मुजुमदारांना भारताची टोपी एकदाही मिळाली नाही. त्यांची पिढीच द्रविड-गांगुली-लक्ष्मण यांची. इंदूरचा रजत पाटीदार २०२२ साली मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात शतक करून मध्य प्रदेशच्या पहिल्या रणजी विजेतेपदाचा एक शिल्पकार ठरला. त्याला कसोटी मिळाली २०२४ च्या फेब्रुवारीत, तिसाव्या वर्षी. तीन कसोटींत धावा झाल्या नाहीत आणि जागा गेली. हाच मुलगा चोविसाव्या वर्षी अपयशी ठरला असता तर त्याला ‘अजून शिकेल’ म्हटले असते. तिशीतल्या माणसाला शिकण्याची सवलत कोणी देत नाही.

मग नेमकी वेळ कोणती? माझ्या समजुतीप्रमाणे फलंदाजाने प्रौढ गोलंदाजांविरुद्ध निदान एक पूर्ण हंगाम काढलेला असावा आणि त्या हंगामात तो एकदा तरी पडून पुन्हा उभा राहिलेला असावा. वीस षटकांच्या सामन्यातील एका संध्याकाळची आतषबाजी या कामी पुरेशी नाही. गुंडाप्पा विश्वनाथ यांनी १९६७ साली रणजी पदार्पणात द्विशतक केले, तरी त्यांना कसोटीत आणले १९६९ मध्ये कानपूरला. तेव्हा विजय मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष होते आणि तरुणांना वाव देण्याचे त्यांचे धोरण जाहीर होते. पहिल्या डावात शून्य! कर्णधार पतौडींनी धीर दिला आणि दुसऱ्या डावात १३७. विराट कोहलीला २००८ साली एकोणिसाव्या वर्षी घेतले ते एकदिवसीय संघात. कसोटी त्याला २०११ मध्ये दिली. या पायऱ्या ज्यांनी बांधल्या, त्यांचे श्रेय धावफलकावर दिसत नाही.

वयाची चर्चा करताना जन्मतारखेचा विषय टाळता येत नाही, आणि येथे मुख्याध्यापक म्हणून माझा जरा जास्त संबंध येतो. पाकिस्तानच्या हसन रझाला १९९६ साली चौदा वर्षे २२७ दिवसांचा म्हणून कसोटीत उतरविले, तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला आणि लगेच त्याच्या वयाविषयीच वाद उभा राहिला. आपल्याकडे सोळा वर्षांखालील मुलांसाठी २०१२ पासून डाव्या मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांवरून वय ठरविण्याची पद्धत मंडळाने स्वीकारली आहे. राहुल द्रविड यांनी २०१५ साली पतौडी स्मृती व्याख्यानात वयचोरीवर फार कडक शब्दांत टीका केली. तिच्यामुळे खऱ्या वयाच्या मुलाची जागा जाते, आणि वय लपविणारा मुलगाही पुढे मोठ्यांत आल्यावर उघडा पडतो. शाळेत आमच्यापुढे हे निराळ्या रूपात येते. एक गृहस्थ मुलाचा दाखला घेऊन आले होते. म्हणाले, “सर, दोन वर्षं इकडची तिकडे झाली तर कुणाचं काय जातं? पोराचं कल्याण होईल.” मी रजिस्टर उघडून नोंद दाखविली आणि बंद केले. त्यांना राग आला; मुलगा मात्र खाली मान घालून उभा होता. त्याला आपले खरे वय ठाऊक होते ना!

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अलीकडेच ऐरणीवर आला आहे आणि तेथे एक फार चांगले उदाहरण घडले. रोहतकची शफाली वर्मा २०१९ च्या सप्टेंबरात पंधराव्या वर्षी भारताकडून वीस षटकांचा सामना खेळली. पहिल्याच कसोटीत तिने ९६ आणि ६३ धावा केल्या, २०२४ मध्ये कसोटीत द्विशतकही केले. त्याच वर्षाअखेर एकदिवसीय संघातून तिला वगळले. २०२५ च्या विश्वचषकासाठी तिचे नाव संघात नव्हतेच. ती देशांतर्गत सामने खेळत राहिली. उपांत्य सामन्याच्या तोंडावर एक सलामीची फलंदाज जायबंदी झाली, शफालीला बोलावणे गेले आणि २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले. एकविसाव्या वर्षी सामनावीर! पंधराव्या वर्षी तिला घेतले ते योग्य की अयोग्य, यावर वाद घालावा तेवढा थोडा. पण वगळल्यावर परतीची वाट खुली होती, हे निर्विवाद. त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार.

राहता राहिला शाळेचा प्रश्न. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला संघाच्या शिबिराला बोलावणे येते तेव्हा घरात पेढे वाटले जातात, आणि वाटावेतच. पण मध्य प्रदेशात दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि क्रिकेटचा हंगामही तोवर चालतो. खुल्या शाळेतून परीक्षा देण्याची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने केलेली आहे. तिची माहिती मात्र पालकांना क्वचितच असते. ज्या घरी असा मुलगा वा मुलगी आहे त्यांनी बोलावण्याचे पत्र हाती येताच शाळेत येऊन परीक्षेचा अर्ज, हजेरी आणि विषय यांची मोकळेपणी चौकशी करावी. शिबिरात सोबत कोण राहणार, दुखापत झाल्यास उपचार कोण करणार आणि मुलाने दिवसाला किती षटके टाकावीत हे कोण ठरविणार, हे प्रश्न संघाच्या व्यवस्थापकाला लेखी विचारावेत. विचारल्याने कोणाची निवड रद्द झाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. आमच्या शाळेतील एक वेगवान गोलंदाज यंदा दहावीला आहे. त्याची आई परवाच पत्र घेऊन आली होती. शिबिर सुरू होण्यापूर्वी त्याचे विज्ञानाचे प्रात्यक्षिक उरकून घ्यावे, असे आम्ही ठरविले आहे.